अकरा स्टार

मी आजवर केलेली प्रत्येक वेबसाइट टाकाऊ होती, हे जगात फक्त एका माणसाला पुराव्यानिशी ठाऊक होतं, आणि त्या माणसाला दोन्ही डोळ्यांनी काहीएक दिसत नव्हतं. भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणारे ऑपरेटरकाका ते हेच. 'दृष्टिहीन' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. "आंधळा म्हण की सरळ. दृष्टिहीन म्हटलं की मला तीन प्रतींत अर्ज भरल्यासारखं वाटतं." एका सरकारी कचेरीत तीसेक वर्षं त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती. रिटायर झाले, हार-नारळ झाला, पण टेलिफोनचा बोर्ड काही डोक्यातून उतरला नाही. बिल्डिंगमधल्या माणसांना ते नावाने ओळखतच नसत, फ्लॅटच्या नंबराने ओळखत. मी तीनशेदोन. माझी आई 'तीनशेदोन सीनियर'. दाराची बेल वाजवली की आतून अगदी कचेरीतला घोटीव आवाज यायचा, "बोला, कोण हवंय?" घरात राहणारी माणसं मोजून दोन, ते आणि काकू, तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय कडी निघायची नाही. काकू कामात असल्या तर, "लाइन बिझी आहे, थांबावं लागेल," असं सांगून ते खरोखरच आपल्याला दाराबाहेर थांबवून ठेवायचे.

कान असे, की सरकारने त्यांना पगारी नेमायला हवं होतं. नळाला पाणी यायच्या पाच मिनिटं आधी पाइपातली हवा त्यांना ऐकू यायची, आणि मग जिन्यात उभं राहून पुकारा सुरू, "दोनसौचार, पानी आ रहा है! एकशेतीन, बादल्या लावा!" आमच्या भागात त्या काळी पाणी म्हणजे देव होता, त्यामुळे काकांना अख्ख्या बिल्डिंगमध्ये देवाच्या पुजाऱ्याचा मान होता. चपलांवरून माणूस ओळखणं हा तर त्यांचा डाव्या हाताचा खेळ. एकदा मी नवे बूट घालून त्यांच्या दारावरून नुसता पुढे गेलो, तर आतून आवाज आला, "तीनशेदोन, महाग घेतलेस आणि डावा चावतोय." खरंच चावत होता. अशा माणसाशी खोटं बोलणं शक्य नसतं, आणि माझा तर धंदाच वेबसाइटी बनवण्याचा, म्हणजे अर्धं आयुष्य खोटं बोलण्यात जाणारं.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. मीरा रोडला एका फर्निचरच्या दुकानाच्या वर आमची सहा माणसांची कंपनी होती. आमच्या शेठना कुठूनसं एका सहकारी बँकेचं काम मिळालं. बँकेला 'ऑनलाइन' व्हायचं होतं. आतलं सगळं यंत्र दुसऱ्या मोठ्या कंपनीचं, पडद्यावर दिसणारी पानं तेवढी आमची. मी हुरळून गेलो. पहिली चार पानं तयार झाल्यावर बिल्डिंगभर सांगत सुटलो. काकांना सांगितलं, आणि तिथेच फसलो. कारण काका त्याच बँकेचे भाईंदर शाखेतले जुने खातेदार निघाले, आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटरही निघाला. आंधळ्यांच्या एका वर्गात जाऊन ते तो शिकले होते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात होता. त्याचा आवाज गोऱ्या साहेबाचा, म्हणून काका त्याला 'गोरा' म्हणायचे. गोरा भाईंदरला 'भॅयँडर' म्हणायचा आणि इतक्या वेगाने बोलायचा की मला फक्त मिक्सर लावल्यासारखं ऐकू यायचं. काका मात्र मान डोलवत, मधेच "मूर्ख आहे" वगैरे म्हणत सगळं समजून घ्यायचे.

माझी पानं काकांनी गोऱ्यापुढे टाकली. मी बाजूला खुर्ची घेऊन शाबासकीची वाट बघत बसलो. गोरा म्हणाला, "ग्राफिक. ग्राफिक. लिंक, क्लिक हिअर. लिंक, क्लिक हिअर. ग्राफिक." काका म्हणाले, "तीनशेदोन, तुझ्या बँकेच्या सगळ्या दारांवर 'इथून आत या' लिहिलंय. कशाच्या आत, ते लिहायचं राहिलंय. मी आत शिरलो आणि संडास निघाला तर?" पुढे बँकेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो होता, त्यावर मी दोन दिवस घालवले होते. फोटोला शब्दांत नाव द्यायचं असतं हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळे गोऱ्याने फाइलचं नाव वाचलं, "आयएमजी झिरो झिरो फोर सेव्हन." त्या दिवसापासून काका अध्यक्षांना सत्तेचाळीस म्हणू लागले ते शेवटपर्यंत. शाखेत जाऊनसुद्धा विचारायचे, "काय, सत्तेचाळीस आले होते का या आठवड्यात?" आणि काउंटरवरची माणसं एकमेकांकडे बघायची.

मी चिडलो, अपमान गिळला आणि दुसऱ्या दिवशी शेठना म्हटलं, आंधळ्या माणसालाही वापरता येईल अशी वेबसाइट करू या. शेठ म्हणाले, "अंधा आदमी बँक की साइट पे क्या करेगा, यार? अच्छा, कर. अक्षर बडा कर दे." मी समजावलं की दिसतच नाही त्याला अक्षर मोठं करून काय उपयोग. शेठनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तो और बडा कर." असल्या माणसांच्या हाताखाली मी उमेदीची वर्षं काढली, तेव्हा माझ्याबद्दल कुणी फार वाईट मत करून घेऊ नये.

मग मी परस्परच काम करू लागलो. दर रविवारी सकाळी पानांची नक्कल सीडीवर घेऊन तळमजल्यावर हजर. काकू पोहे द्यायच्या, काका शिव्या द्यायचे. "पाच हजार, म्हणतो गोरा. आले की गेले? आले तर पेढे, गेले तर पोलीस, नीट सांग ना बाबा." मी घरी येऊन दुरुस्त करायचो, पुढच्या रविवारी पुन्हा पोहे, पुन्हा शिव्या. पाच-सहा महिन्यांत माझी पानं अशी झाली की काका माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर, घरभर फिरावं तसे त्यांत फिरू लागले. एक गोष्ट इथेच कबूल करतो. दर वेळी लॉगिन करत बसायचा कंटाळा, म्हणून आमच्या धंद्यात कामाच्या नकलेतून लॉगिनचं पान सरळ वगळून टाकतात. सीडी टाकली की थेट आतलं पान उघडायचं. सगळेच असं करतात. मीही केलं.

एवढ्या मेहनतीने काकांना तिथे करायचं होतं तरी काय, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं शाखेतला त्रास वाचवायचा असेल, आणि तो होताच. बँकेत काका गेले की काउंटरवरचा माणूस त्यांच्या शिलकीचा आकडा गावाला दवंडी पिटावी तसा ओरडून सांगायचा. "आंधळा माणूस बहिराही असतो असं यांना ट्रेनिंगमध्येच शिकवत असणार," काका म्हणायचे. पैसे काढायचे तर अंगठा उठवायचा आणि सोबत डोळस साक्षीदार हवा, म्हणून बिल्डिंगमधल्या कुणाला तरी चहा-वडापावाची लाच देऊन न्यायला लागायचं. पण खरं कारण ते नव्हतं. काकूंना त्यांनी पाणी आणायला आत पाठवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तीनशेदोन, मला एकट्याला माहीत असलेली अशी एकही गोष्ट माझ्या आयुष्यात नाही रे. शाळेचा निकाल मास्तरांनी वाचला. रक्ताचा रिपोर्ट आमची ही वाचते, आणि साखरेचा आकडा मनाने वाढवते, म्हणजे माझी जिलबी बंद. लग्नाआधी हिने मला पत्र पाठवलं होतं, ते कचेरीतल्या शिपायाने वाचून दाखवलं. 'तुमची वाट पाहते' या वाक्याला त्याने घसा खाकरला. तीस वर्षं झाली, ते खाकरणं मी विसरलो नाही." मग म्हणाले, "तुझ्या त्या बँकेत म्हणे पासवर्ड असतो. तो कुणालाच सांगायचा नसतो, असा नियमच आहे म्हणे?"

नियमच आहे, असं मी म्हटलं. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला अवघडल्यासारखं झालं. साठीच्या पुढच्या माणसाला एक गुपित हवं होतं, बस. बाकी बँक-बिंक सगळं निमित्त.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी खातेदारांची नोंदणी सुरू झाली. नोंदणीचं पान मी जिवापाड मेहनतीने केलं होतं, काकांनी ते सहज भरलं. पासवर्डाची जागा आली तशी त्यांनी मला आणि काकूंना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. पासवर्ड टाइप करताना गोरा अक्षरं वाचत नाही, दर अक्षराला नुसता 'स्टार' म्हणतो. आतून आवाज आला, "स्टार. स्टार. स्टार," आणि मग काकांचं ते हसू! "अगं, त्या गोऱ्यालाही कळत नाही!" ते आतूनच ओरडले. काकू दाराला कान लावून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "अकरा." मोजले होते त्यांनी. त्या दिवसापासून काकूंचा छळवाद सुरू झाला. अकरा अक्षरांत काय काय बसतं याची यादी त्यांनी किराणाच्या वहीच्या मागे केली. स्वतःचं माहेरचं नाव इंग्रजीत लिहून पाहिलं, एक अक्षर कमी पडलं, तर दिवसभर गाल फुगवून बसल्या. "माझ्यापासून लपवण्यासारखं यांच्याकडे आहे तरी काय मेलं?" असं मला जिन्यात गाठून विचारायच्या. काका मात्र त्या आठवड्यात असे वावरत होते की पाणी आलं ते सांगायलाही एकदा विसरले. बिल्डिंग कोरडी राहिली.

त्याच आठवड्यात शेठनी मला बोलावलं. बँकेने सुरक्षेसाठी कुणी सल्लागार नेमला होता, त्याने सांगितलं होतं की पासवर्ड कीबोर्डवर टाइप करू द्यायचा नाही, चोर टिपून घेतात. त्याऐवजी पडद्यावरच एक कीबोर्ड काढायचा, चित्रांचा, आणि माउसने एकेक अक्षर टिचकीने निवडायचं. अक्षरांच्या जागाही दर वेळी बदलायच्या. चार दिवस होते हातात. मी झपाटल्यासारखा बसलो आणि करून दाखवलं. अक्षरं अशी काही सुरेख जागा बदलायची की शेठनी ऑफिसभर लाडू वाटले. त्या चार दिवसांत मला एकदाही काकांची आठवण झाली नाही. एकदाही नाही! सहा महिने मी ज्या माणसासाठी आतलं घर सजवत होतो, त्याच्या तोंडावर मीच दार बांधून काढलं, आणि वर लाडू खाल्ला. आजही कुणी मला कामाबद्दल शाबास म्हटलं की तोंडात त्या लाडवाची चव येते.

उद्घाटन झालं, सत्तेचाळीसांनी बटण दाबलं. संध्याकाळी काकूंनी शिरा केला. काका इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले आणि म्हणाले, "चला, दोघे बाहेर." आम्ही बाहेर उभे राहिलो. काकूंनी मोजायला बोटं उघडली. आतून गोरा म्हणाला, "ग्राफिक." मग पुन्हा "ग्राफिक." मग "ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक." चित्रांना नाव देता आलं नसतं का? नसतं, कारण नाव दिलं तर चोरालाही कळेल, म्हणून सल्लागाराने मनाई केली होती आणि मी मान डोलावली होती. ते सगळं मला त्या दाराबाहेर, हातात शिऱ्याची बशी घेऊन, पहिल्यांदा कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका बराच वेळ आत प्रयत्न करत होते. मग दार उघडून म्हणाले, "तीनशेदोन, गोरा आज बिघडलाय वाटतं." मी म्हटलं, "गोरा नाही काका, मी." आणि सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ज्या माणसाने अध्यक्षाच्या फोटोवरून मला सहा महिने सोलून काढलं, तो त्या दिवशी एवढंच म्हणाला, "शिरा खा, गार होतोय."

त्यानंतर मी काय केलं नाही म्हणून विचारू नका. शेठच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेठ म्हणाले, "एक आदमी के लिए ताला थोडी बदलेगा कोई." बँकेत गेलो, तिथल्या साहेबाने चहा पाजला आणि सांगितलं की अशा खातेदारांनी शाखेत यावं, साक्षीदार घेऊन, त्यांच्यासाठी सोय आहेच. काकांनी स्वतः बँकेच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने "हां बोलो" म्हणून फोन उचलला, तर त्यांनी तक्रार बाजूला ठेवून तिला फोन कसा उचलावा याचा वीस मिनिटं धडा दिला. मुलगी शेवटी "बँकेत आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?" असं अगदी सुरेख म्हणायला शिकली. मदत मात्र काही झाली नाही. अर्ज लिहिले, मी लिहायचो, ते सांगायचे, खाली अंगठा. सगळ्यांना एकच उत्तर यायचं, तेही छापील, आणि तेही मीच वाचून दाखवायचो.

एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, मला सांगा ना पासवर्ड. मी टिचक्या मारतो, मग खुर्ची सोडून बाहेर जातो. आतलं सगळं तुम्हाला एकट्याला करता येतं." काकूही म्हणाल्या, "नाहीतर मला सांगा." काका हसले नाहीत. म्हणाले, "आयुष्यात एकच गोष्ट मिळाली, ती वापरायची म्हणून देऊन टाकू? शिपायाचा घसा पुरे झाला मला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे, काठी हातात. "तीनशेदोन, बँकेत यायचंय. साक्षीदार हवाय." मी गेलो. त्यांनी अंगठा उठवला, काउंटरवरच्या माणसाने शिलकीचा आकडा सबंध हॉलला ऐकवला, आणि 'सदर इसमास मी ओळखतो' याखाली मी सही केली. पुढे दर महिन्याला तेच. वडापाव मात्र मी कधी घेतला नाही, एवढी लाज शिल्लक होती.

वर्षभराने बँकेचं एक पत्र आलं. नेहमीप्रमाणे बारीक अक्षरांत, इंग्रजीत, आंधळ्या माणसाच्या नावे. मी वाचून दाखवलं. इतके महिने वापर न केल्यामुळे आपला पासवर्ड रद्द करण्यात आला आहे, असं त्यात होतं. काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"म्हणजे आता त्याने काही उघडत नाही?"

"नाही काका."

"नक्की? नीट बघून सांग."

"नक्की. मेला तो पासवर्ड."

पाइपात कुठे तरी हवा वाजत होती, आणि पाणी येतंय हे त्या दिवशी मलाही कळलं, पण काकांनी पुकारा केला नाही. मग म्हणाले, "मग आता सांगायला हरकत नाही. ये इकडे." मी वाकलो. त्यांनी माझा कान चाचपून जवळ ओढला आणि ऑपरेटर फोनवर स्पेलिंग सांगतो तशी एकेक अक्षर सुटं करून, अकराच्या अकरा, माझ्या कानात सांगितली. शब्द अगदी साधा होता. मी घसा खाकरायचा नाही, एवढं एकच त्या वेळी निकराने सांभाळलं. काका म्हणाले, "चांगला होता ना?"

"चांगला होता," मी म्हटलं.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती बँक दुसऱ्या बँकेत विरून गेली, चित्रांचे कीबोर्डही बहुतेक ठिकाणांहून गेले. काकूंचा आता डावा डोळा अधू झालाय, त्यांच्या रिपोर्टांचं वाचन माझ्याकडे असतं. खाली गेलो की त्या चहा टाकतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि मधेच, अगदी सहज विचारल्यासारखं करून म्हणतात, "त्या दिवशी कानात काय रे सांगितलं होतं तुला? मी बघितलं होतं दारातून." मी म्हणतो, "कुठे काय काकू, पाणी आलं म्हणाले." त्यांना पटत नाही, पण त्या पुढे विचारत नाहीत. त्या अकरा अक्षरांनी आता जगातलं कुठलंच दार उघडत नाही. तरीही मी ती अजून कुणाला सांगितलेली नाहीत.